गुंजभर सोने

साताऱ्याची आमची सराफी पेढी अण्णांनी २०१२ साली बंद केली. चौथ्या पिढीचा वारस, म्हणजे मी, लंडनमध्ये एका प्रयोगशाळेत ‘सोन्यावर काहीतरी काम करतो’ एवढेच त्यांना ठाऊक. “सोन्यावरच काम करायचं होतं, तर पेढी काय वाईट होती?” हा त्यांचा प्रश्न मी वर्षानुवर्षे हसून टाळला.

२०१६ च्या उन्हाळ्यात ते इकडे आले, तेव्हा मी त्यांच्या हातात एक बंद कुपी ठेवली. आत माणकासारखे लाल पाणी. “यात सोनं आहे,” म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, की गिऱ्हाईक पितळी बांगडी मोडायला घेऊन आले आहे! पन्नास वर्षे कसोटीवर सोने घासलेला माणूस तो. सोनारानेच कान टोचावेत म्हणतात. इथे सोनाराचेच टोचायचे होते. शनिवारी त्यांना ब्रिटिश म्युझियममध्ये नेले.

तिथे लायकर्गसचा पेला आहे. चौथ्या शतकातला, रोमन कारागिरांचा, काचेचा. द्राक्षवेलींनी जखडलेला राजा लायकर्गस त्यावर कोरलेला आहे. समोरून उजेड पडला की पेला हिरवट दिसतो, आणि उजेड काचेतून आरपार आला की तोच लालभडक. अण्णा वाकून, सरकून पाहत राहिले.

“मीनाकारी?”

“नाही. काचेतच सोनं-चांदी आहे. दहा लाख भागांत सोनं सुमारे ४०, चांदी ३००.”

अण्णांचा हिशेब तोंडीच. “किलोभर काचेला सोनं गुंजेचा तिसरा हिस्सा. चांदी अडीच गुंजा. एवढ्याशात एवढा रंग?”

बाहेर बाकावर डब्यातले थालीपीठ खाताना मी सांगितले. धातूच्या कणात इलेक्ट्रॉन मोकळे असतात. प्रकाशाची लाट आली की ते हेलकावतात. झोपाळ्याला त्याच्या तालात रेटा दिला तर तो उंच जातो ना, तसे ठराविक रंगाच्या प्रकाशाने हे हेलकावे जोरात होतात. तो प्रकाश कण काही गिळतो, काही चहूकडे विखुरतो. उरलेला पार होतो. पेल्यातले कण ५० ते १०० नॅनोमीटरचे, केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्शाच्या आसपास. ते हिरवट उजेड मागे विखुरतात, आणि पलीकडे पोचतो तो लाल.

आमचे काम हा ताल हवा तसा बदलण्याचे. सोन्याचा कण मोठा केला की गिळणे कमी, विखुरणे जास्त. गोल कणाऐवजी लांबट काडी घडवली, तर ताल डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशापर्यंत नेता येतो. आणि कण एकमेकांना चिकटले तर लाल पाणी निळे! पहिल्याच वर्षी मीठ जास्त पडून माझे आठवड्याचे काम असे निळे झाले होते. (मिठाने लाल सोने निळे होते हे फॅराडेने १८५७ मध्येच लिहून ठेवले आहे, आणि त्याच्या लाल सोन्याच्या बाटल्या लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जपलेल्या आहेत. आधी वाचले असते तर आठवडा वाचला असता.)

“म्हणजे माल तोच, सगळी घडणावळ,” अण्णा म्हणाले.

पेढीचा विषय त्या दिवशी त्यांनी काढला नाही. मीच काढला. शेवटच्या दिवशी शटर ओढताना मी तिथे असायला हवा होतो, हे चार वर्षे सांगायचे राहून गेले होते. अण्णा बराच वेळ थालीपीठ चघळत राहिले. मग म्हणाले, “बागेसरी विकलेली नाही मी. माळ्यावर आहे.”

२०२१ मध्ये कोविडच्या दिवसांत त्यांचा फोन आला. घरीच चाचणी केली होती, एकच रेघ आली होती. माझा जीव भांड्यात पडला. बोलता बोलता सांगितले, की अशा बऱ्याच पट्ट्यांवरची ती लाल रेघ सोन्याच्या कणांचीच असते. फोनवर क्षणभर शांतता.

“अरे, मग टाकू कशी? पेढीवरचा केरसुद्धा आपण झारेकऱ्याला विकायचो!”