काजव्यांचे तीन आठवडे

लोकांना जंगल दाखवून पोट भरतो म्हटलं की समोरचा आधी विचारतो, "वाघ आहे का तुमच्याकडे?" आमच्या बेगडेवाडीत वाघ नाही. लोणावळा लोकलचं छोटंसं स्टेशन आहे, पलीकडे देहूरोडची लष्करी हद्द आणि जवळच घोराडेश्वराचा डोंगर. मावळात बिबट्या आहे, पण तो ठरवून दाखवता येत नाही. ज्यांना दिसतो त्यांच्या कुत्र्याला तो आधी दिसलेला असतो, आणि बहुतेक वेळा ते कुत्रं नंतर कुणाला दिसत नाही.

नवा ग्रुप असला की पहिली सकाळ घोराडेश्वरावर. गाडीतून उतरताच बजावतो, दुर्बिणी पिशवीत ठेवा. लष्करी हद्दीच्या कडेनं गळ्यात दुर्बीण अडकवून चाललं, तर 'पक्षी बघतोय' हे पटवण्यातच सकाळ संपायची. तुकोबा एकांतासाठी या डोंगरावर येत असत असं सांगतात. आता महाशिवरात्रीला इथे पाय ठेवायला जागा नसते आणि एरवी एक्स्प्रेस-वेची घरघर वरपर्यंत ऐकू येते. तरी लेण्यांत पाकोळ्यांची ये-जा चालूच असते. मी सगळ्यांना तिथेच बसवतो. "आता कुठला पक्षी?" "हाच. अजून थोडा वेळ." मोठ्या लेन्सवाले चुळबुळ करतात, त्यांच्याकडे मी लक्ष देत नाही.

थंडीत काम सोपं, पाखरं तळ्यांवरच असतात. वळवण, शिरोता, लोणावळ्याचं तळं, ही सगळी टाटांची. खोपोलीचं वीजघर १९१५ मध्ये सुरू झालं, त्याला पाणी पुरवायला बांधलेली. पवना धरण बरंच नंतरचं. पाणी कुणी कशासाठी अडवलं याच्याशी पाखरांना देणंघेणं नाही. गेल्या हिवाळ्यात एडिंबरोला राहणारं एक मराठी कुटुंब आलं होतं, आजी, मुलगा, सून आणि सतत कंटाळलेला नातू. पवनेच्या काठावर चहा पीत उभे होतो, तेवढ्यात मीनखाई घार आली. पाण्यावर जरा घिरट्या घातल्या, पाय पुढे करून धपकन आत शिरली, पंख झाडत वर आली तेव्हा पायांत मासा होता. उडता उडताच तिनं तो फिरवला आणि तोंड पुढे करून धरला. मासा आडवा राहिला तर वारा अडतो, म्हणून ती नेहमी असंच करते. नातवानं मोबाइल खिशात टाकला.

त्याचे बाबा म्हणाले, "अहो, हाच तर आमचा ऑस्प्रे!" स्कॉटलंडमध्ये तो घरटी करेनासा झाला होता. १९५४ मध्ये लॉख गार्टन तळ्याकाठी पुन्हा एक जोडी आली. १९५८ मध्ये अंडी चोरीला गेली. शेवटी पुढच्या वर्षी तिथल्या पक्षिसंस्थेनं ठरवलं की घरट्यावर पहारा ठेवायचा आणि लोकांनाही लांबून बघू द्यायचं. गुपित ठेवण्यापेक्षा हजार डोळ्यांचा पहारा बरा, हा हिशेब मला फार आवडला. तिथले पक्षी थंडीत पश्चिम आफ्रिकेत जातात, आपल्याकडचे वेगळ्या वाटेनं येतात. पण आजींना ते मान्य नव्हतं. "आपल्यामागोमागच आलाय तो," म्हणाल्या. मी कशाला वाद घालू?

नोव्हेंबरअखेरीला लोणावळ्याच्या माळांवर अमूर ससाणे उतरतात. सायबेरिया-चीनकडून नागालँडमार्गे आलेले, पुढे अरबी समुद्र एका दमात ओलांडून आफ्रिकेला निघालेले. वजन दीडएकशे ग्रॅम. २०१२ मध्ये नागालँडच्या दोयांग जलाशयापाशी ते जाळ्यांत हजारोंनी मारले जात होते. पुढच्याच वर्षी तिथल्या गावांनी शिकार थांबवली. आमच्याकडे त्यांचा मुक्काम चार-दोन दिवसांचा. बातमी फुटली की पुण्यातून गाड्या सुटतात. जानेवारी-फेब्रुवारीत लोकांना रोहित हवे असतात, मग उजनीवर भिगवणला नेतो. तिथले कोळीबांधव माझ्यापेक्षा पाखरं चांगली ओळखतात. मी नावेत गप्प बसतो. मार्च-एप्रिल म्हणजे ऊन, पाणवठे आणि रिकामा गल्ला.

हा गल्ला भरतो मेअखेरीला. रोहिणी नक्षत्र लागतं, आफ्रिकेतून चातक येऊन पोचतो, वळीव पडतो आणि राजमाचीच्या झाडांवर काजवे पेटतात. असं जेमतेम तीन आठवडे. माझं निम्मं वर्ष त्यावर चालतं, राजमाचीच्या उधेवाडी गावातल्या चुलींचं त्याहून जास्त. एकाच वेळी अख्खं झाड उजळतं, विझतं, पुन्हा उजळतं. पहिल्यांदा बघणारा हमखास हळू बोलायला लागतो.

पण मग जीपांची रांग येते. झाडावर चमकणारे बहुतेक नर असतात. मादी खाली झुडपात, गवतात बसून त्यांना उत्तर देते. हेडलाइट पडला की तिचं उत्तर कुणाला दिसणार? अळ्या ओल्या पाचोळ्यात गोगलगाई खाऊन वाढतात आणि नेमक्या त्याच पाचोळ्यावर सेल्फीसाठी माणसं उभी. मोठा काजवा जगतो किती, तर दोन-तीन आठवडे. त्यातल्या शनिवार-रविवारच्या रात्री आपण वाया घालवतो. लॉख गार्टनचा हिशेब इथे लागू पडत नाही, कारण इथे बघणाऱ्याचा डोळा नव्हे, त्याची बॅटरी मारते.

म्हणून दोन वर्षांपासून मी शनिवार-रविवार घेत नाही. माणसं निम्मी केली, दर वाढवला. गाडी गावाबाहेरच थांबते, पुढे पायी, बॅटरीवर लाल कागद, वाटेवरून खाली उतरायचं नाही. कमाई घटली. ज्या मावशींकडे आमची पिठलं-भाकरी असते त्या पहिल्या वर्षी रागावल्या होत्या. "तुमचं लई शिकल्यालं काम, आमची ताटं कमी झाली त्याचं काय?" त्यांचं बरोबरच होतं. म्हणून आता जून-जुलैत बेडकांच्या रात्री ठेवतो आणि तेव्हाचं पाहुण्यांचं जेवण मावशींकडेच. पहिला दणदणीत पाऊस झाला की खाचरांत बेडूक जमतात. नर पिवळेधमक झालेले, गळ्याशी दोन निळ्या पिशव्या फुगवून ओरडत असतात. शेजारच्या बांधावर गावातली पोरं बत्ती घेऊन खेकडे पकडत असतात. माझ्या पाहुण्यांना बेडकांइतकीच त्या पोरांची गंमत वाटते, पोरांना पाहुण्यांची.

यंदा एप्रिलपासूनच फोन सुरू झालेत. "काजवे नक्की दिसतील ना? किती दिसतील?" पावसावर आहे, म्हणतो. शनिवारी का नाही, हे समजावतो. आणि आगाऊ भरलेले पैसे परत मिळणार नाहीत, हे तेवढं आधीच सांगून ठेवतो.