‘ब्रस्क’ म्हणजे उद्धट नव्हे



इंग्रजीच्या धड्यात ‘ब्रस्क’ आला की आपण पटकन फळ्यावर ‘उद्धट’ लिहून मोकळे होतो. जवळचा आहे, पण नेमका नाही. ब्रस्क म्हणजे तुटक. मोजकं, घाईचं, गोडवा न लावलेलं बोलणं. बसस्टँडच्या खिडकीत विचारलं, “शिरपूरची गाडी कधी?” आणि आतून नुसतं “साडेचार” आलं, तर ते ब्रस्क. “बोर्ड वाचता येत नाही का?” आलं, तर ते रूड. पहिल्यात अपमान करायचा हेतू असेलच असं नाही.

स्पेलिंगच्या शेवटी क्यू-यू-ई आहे, ‘युनिक’सारखं, कारण शब्द फ्रेंचमधून आलाय. फ्रेंचांनी तो इटालियन ‘ब्रुस्को’वरून घेतला, त्याचा अर्थ आंबट, तुरट! (मुलांना हे सांगा, शब्द विसरत नाहीत.) ‘ब्रिस्क’ मात्र वेगळा हं. ब्रिस्क वॉक म्हणजे झपाझप चालणं.

आता आपल्या खान्देशाकडे या. अमळनेर, पारोळा, शिरपूर, साक्रीकडची कितीतरी मुलं घरी अहिराणी बोलतात. तिथे आजोबांनाही ‘तू’, आईलाही ‘तू’. ‘कृपया’ वगैरे शब्द बोलण्यात नाहीतच. माया दिसते ती ताटात वाढलेल्या जास्तीच्या भाकरीत. असं पोर शाळेत येतं आणि म्हणतं, “मॅडम, तू आठे बठ.” म्हणजे ‘तुम्ही इथे बसा’. स्वतः उठून जागा देतंय बिचारं! बाहेरगावाहून आलेल्या एका बाईंनी अशाच मुलाच्या प्रगतिपुस्तकात ‘वर्तन उद्धट’ लिहिलेलं मी पाहिलंय. आईला शेरा वाचता येत नव्हता. तिने तो शेजाऱ्यांकडून वाचून घेतला. त्या मुलाला उद्धट तर सोडाच, ब्रस्क म्हणणंही चुकीचं आहे. तुटकपणा त्याच्या बोलण्यात नव्हता, ऐकणाऱ्याच्या कानात होता.

‘तुम्ही’ शिकवायचं नाही, असं मी म्हणत नाही. मुलाखतीत, बँकेत, दवाखान्यात ते लागतंच. पण ‘प्लीज’ शिकवतो तसं शिकवावं, नवीन शब्द म्हणून. रागावून शिकवलं की पोर गप्प बसतं, आणि मग आपणच म्हणतो, “विचारलं तर धड उत्तर देत नाही.”

माझ्या वर्गात एकदा समजावून सांगितलं. दुसऱ्या दिवशी एक जण उठला, जागा झटकली आणि म्हणाला, “मॅडम, तुम्ही आठे बठ.”