सड्यावरचे अंगण

आमचे शेत वारणेच्या खोऱ्यात, शिराळा तालुक्यात आहे. बांधावर उभे राहून मावळतीकडे पाहिले की सह्याद्रीची निळी रांग दिसते. तेच चांदोलीचे राष्ट्रीय उद्यान. सांगली, सातारा, कोल्हापूर आणि रत्नागिरी या चार जिल्ह्यांत मिळून सुमारे ३१८ चौरस किलोमीटरचे हे रान पसरले आहे. पुण्या-मुंबईचे लोक ते पाहायला येतात. आम्ही मात्र इतक्या जवळ राहून कित्येक वर्षे तिकडे पाऊल टाकले नव्हते.

त्याला कारण होते. माझ्या आईचे माहेर त्याच डोंगरात, झोळंबीच्या सड्याकडच्या एका वाडीत होते. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचे जांभ्या दगडाचे सपाट पठार. लहानपणी मे महिन्यात मामाकडे जायचे म्हणजे आम्हा पोरांची चैन असायची. करवंदे, जांभळे, नाचणीची भाकरी आणि म्हशीचे घट्ट दही! पुढे १९८५ साली तिथे अभयारण्य झाले, २००४ साली राष्ट्रीय उद्यान झाले, आणि आतली गावे उठून खाली वसली. मामाची वाडीही उठली. आईने त्यानंतर डोंगराचे नाव काढले नाही. त्यात अधूनमधून गवे आमच्या उसात शिरत. पंचनामा होई, पण मोडलेला ऊस काही उभा राहत नसे. मग त्या रानाचे कौतुक कुणाला असणार?

तीन वर्षांपूर्वी दिवाळी झाल्यावर आईच म्हणाली, "डोळं हायती तवर एकदा माजं जोतं दाखव गं." तेव्हा तिला पंचाहत्तर उलटली होती. मी यांच्याकडे पाहिले. हे म्हणाले, "आत्याबाई, उद्याच जाऊ."

मणदूरला नोंद केली, वाटाड्या बरोबर घेतला आणि पहाटेच निघालो. पावसाळ्यात उद्यान बंद असते, त्यामुळे वाट नुकतीच मोकळी झाली होती. ओढे अजून वाहत होते. खाली वसंतसागर काठोकाठ भरलेला, आणि पाण्यावर धुक्याची पांढरी घोंगडी. झाडीत कुणीतरी सुरेख शीळ घातली. मी मागे वळून पाहिले, तर आई हसून म्हणाली, "माणूस न्हवं त्ये, पाखरू हाय." शीळकरी कस्तूर होता तो.

वाडीच्या जागी पोचलो. घरे नव्हतीच. गवतात जोत्याचे दगड, पडके तुळशीवृंदावन आणि परसातला फणस एवढेच उरलेले. आई जोत्यावर बसली. कुणी बोलेना. आता ही रडणार, असे मला वाटले. समोर अंगणाच्या जागी गव्याचे ताजे शेण पडले होते. तिकडे बोट करून ती म्हणाली, "बघ गं, अंगणात सडा टाकायला कोण तरी हाय अजून!" आम्ही सगळेच हसलो. हसता हसता तिने पदराने डोळे पुसले.

तेव्हापासून आम्ही ऋतू पाहून जातो. थंडीत सकाळी गेले की मोकळ्यावर गव्यांचा कळप चरताना दिसतो. पायांत जणू पांढरे मोजे, आणि अंग काळेभोर. उसातला गवा पाहून छातीत धडकी भरते, पण तिथे तोच घरधनी वाटतो. होळीच्या सुमारास सड्यावरचे गवत पिवळे पडते, पण कडेच्या रानात पांगारा लाल होतो, जांभळीला तांबूस पालवी फुटते आणि अंजनीच्या फांद्या निळ्या-जांभळ्या फुलांनी भरून जातात. वैशाखात खाली आमच्याकडे रान भाजत असते, तेव्हा दाट झाडीत गारवा असतो. वर नजर ठेवली तर शेकरू या फांदीवरून त्या फांदीवर झेप घेताना दिसते. आतले काही तोडून आणायचे नाही, असा नियम आहे. करवंदांनी लगडलेल्या जाळीजवळून जाताना आई हात मागे बांधून चालते. "माजीच जाळी," म्हणते, पण तोडत नाही.

एकच ऋतू आम्हाला तिथे जाऊन पाहता येत नाही, आणि खरा साज तेव्हाच असतो. गौरी-गणपतीच्या दिवसांत सडा फुलांनी झाकून जातो. तेरडा, सोनकी, आणि ओल्या कातळावर सीतेची आसवे. हे सारे आई सांगते आणि नाती तोंड उघडे टाकून ऐकतात. त्या दिवसांत डोंगर ढगांत बुडालेला असतो. आम्ही ओसरीवर बसून नदी पाहतो. २०१९ आणि २०२१ साली याच नदीने आमच्या खोऱ्याची दैना केली, ते कसे विसरू? पण उन्हाळ्यात याच धरणाचे पाणी उसाला मिळते, तेही खरे. त्या डोंगरातच पावसाचे पाणी मुरते आणि थेंबाथेंबाने खाली येते.

गेल्या श्रावणात पाटाकडे पाहत आई म्हणाली, "माझ्या अंगणातनं आलंय त्ये."

गाव गेल्याचे दुःख तिला आहेच. ते कशाने भरून येणार नाही, आणि भरून आले असे मी म्हणणारही नाही. गवा उसात आला की आम्ही आजही डबे वाजवून त्याला हाकलतो. पण हाकलताना आता शिव्या देत नाही. आई आतून ओरडते, "सांभाळून रे, माहेरचा हाय त्यो!"

तुमच्याही शिवारातून असा एखादा डोंगर दिसत असेल. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला घेऊन एकदा तिकडे जा. त्याच्याइतका चांगला वाटाड्या दुसरा मिळायचा नाही.