नातवाचा पास

भंडारा जिल्ह्यातील साकोली तालुक्यात एकोडी हे आमचे गाव. सभोवती धानाच्या बांध्या, मालगुजारांच्या काळात बांधलेले जुने तलाव, आणि दिवाळी सरली की गावोगाव भरणारी मंडई. आमच्या बालपणी करमणुकीचे एवढेच स्थान होते. मंडईत लाकडी पाळणा येई, रात्री दंडार किंवा झाडीपट्टीचे नाटक होई, आणि वडील हातावर ठेवीत त्या नाण्यांत सारा आनंद बसवावा लागे. करमणुकीचा वर्षभराचा पास असतो, आणि तो घरातील सर्वांत लहान माणसाच्या गळ्यात असला तरी मोठ्यांना त्याचा लाभ होतो, ही गोष्ट मला साठी उलटल्यावर आणि सातासमुद्रापलीकडे गेल्यावर कळली.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही उभयता इंग्लंडमध्ये चिरंजीवांकडे दोन महिने राहून आलो. ते स्लाव येथे राहतात. थेम्स नदी ओलांडली की पलीकडे विंडसर, आणि विंडसरच्या राजवाड्यापासून थोड्याच अंतरावर टेकडीच्या उतारावर लेगोलँड. लंडनचे वर्णन अनेकांनी केले आहे. मी या टेकडीविषयी आणि तेथे नातवाने आम्हाला कसे नेले त्याविषयी लिहितो.

नातवाच्या सातव्या वाढदिवसाला त्याच्या आईवडिलांनी त्याला मर्लिन कंपनीचा वार्षिक पास घेऊन दिला होता. या एका पासावर लेगोलँडच नव्हे, तर ऑल्टन टॉवर्स, मादाम तुसाँचे मेणाच्या पुतळ्यांचे दालन, लंडन आय हा थेम्सकाठचा प्रचंड पाळणा, अशी त्या कंपनीची अनेक स्थळे पाहता येतात. पासाच्या श्रेणी वेगवेगळ्या. वरच्या श्रेणीत स्थळांवरील दुकानांत आणि उपाहारगृहांत वीस टक्के सवलत मिळते, तसेच पासधारकासोबत येणाऱ्या आप्तेष्टांच्या तिकिटांवरही सूट असते. चिरंजीव आणि सूनबाई दोघेही नोकरी करतात. एका रविवारी हा मोकळा, तर दुसऱ्या रविवारी ती. म्हणून त्यांनी पास फक्त मुलासाठी घेतला. ज्याला सवड असेल त्याचे तिकीट त्या-त्या दिवशी सवलतीत काढायचे. हा हिशेब मी ऐकला आणि मनातल्या मनात सूनबाईंना दाद दिली. तीन पिढ्यांच्या किराणा दुकानाचा संस्कार घरात आलेल्या सुनेतही उतरतो तो असा.

पहिल्या दिवशी प्रवेशद्वाराशी नातवाने कार्ड पुढे केले आणि गंभीरपणे सांगितले, "हे माझे आजी-आजोबा. भारतातून आले आहेत." तेथील बाईंनी कार्डावरील छायाचित्र पाहिले, त्याचा चेहरा पाहिला, त्याचे नाव विचारले आणि आम्हा सर्वांना हसून आत सोडले. सौभाग्यवती म्हणाल्या, "आजवर आपण याचे बोट धरून नेले. आज याने आपल्याला नेले." घरातील कर्ता पुरुष त्या दिवशी सात वर्षांचा होता.

लेगोलँडची जागा पूर्वी विंडसर सफारी पार्कची. ते प्राणिउद्यान १९९२ मध्ये बंद पडले आणि १९९६ मध्ये त्याच जागी लेगोलँड सुरू झाले. लेगो हा मूळचा डेन्मार्कचा व्यवसाय. बिलुंड या खेड्यातील ओले कर्क क्रिस्तियान्सेन या सुताराने १९३२ मध्ये लाकडी खेळणी करायला घेतली. ‘छान खेळ’ अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांतून लेगो हे नाव घडले. एकात एक घट्ट बसणाऱ्या विटेचा एकाधिकार १९५८ चा, आणि पहिले लेगोलँड बिलुंडलाच १९६८ मध्ये उघडले. खेड्यातील एका सुताराचे दुकान कोठवर जाऊ शकते, हे पाहून खेड्यातील दुकानदाराला मनोमन बरे वाटते.

प्रवेशद्वार टेकडीच्या माथ्यावर आहे. हवा स्वच्छ असली की तेथून दूरवर लंडनच्या उंच इमारती दिसतात आणि डोक्यावरून हीथ्रोकडे जाणारी विमाने. तेथून उताराने खाली जायला एक लहानशी आगगाडी आहे. उद्यानात मला सर्वांत भावले ते मिनीलँड. सुमारे चार कोटी विटांतून, मूळ आकाराच्या विसाव्या हिश्शात, शहरे उभी केली आहेत. पूल आहेत, नौका आहेत, चालणाऱ्या गाड्या आहेत. नातू प्रत्येक ठिकाणी थांबून माहिती देत होता आणि आम्ही शिष्यासारखे ऐकत होतो. ज्या खेळण्यांत उंचीची अट होती, तेथे तो मापाच्या खांबाला पाठ लावून ताठ उभा राही. टाच उचलीत नसे.

भोजनाच्या वेळी सवलतीची पहिली कसोटी लागली. उपाहारगृहात वीस टक्के कमी खरे. परंतु जे होते त्यात बटाट्याचे तळलेले काप आणि आम्हाला न चालणारेच पदार्थ अधिक. जे घ्यायचेच नाही त्यावर सूट वीस टक्के असली काय आणि पन्नास असली काय! आम्ही हिरवळीवर बसून घरून आणलेले खाकरे, दशम्या आणि कैरीचे लोणचे खाल्ले. डबा नेण्यास तेथे कोणी हरकत घेत नाही. ऐन उन्हाळ्यात तेथील सूर्य नऊनंतर मावळतो, त्यामुळे घरी परतून सूर्यास्तापूर्वी निवांत भोजन होई. प्रवासास निघणाऱ्या आपल्या कुटुंबांनी ही सोय अवश्य ध्यानात ठेवावी.

दुसरी कसोटी बाहेर पडताना लागली. वाटेतच मोठे दुकान. नातवाने एक खोका उचलला आणि म्हणाला, "आजोबा, माझ्या पासावर हा स्वस्त पडतो." मी किंमत पाहिली. वीस टक्के वजा करूनही तो आमच्या तिघांच्या येण्याजाण्याच्या खर्चाहून महाग होता. तेव्हा मला आमचे एकोडीचे दुकान आठवले. शेतकऱ्याचे पोर मीठ-मिरची न्यायला आले की वडील त्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवीत. पुढच्या वेळी आई दुसऱ्या दुकानाचे नाव काढी, पण पोर तिला ओढीत आमच्याकडेच आणी. तो खडा वात्सल्याचा होता, हे खरे. तो व्यापाराचाही होता, हेही तितकेच खरे. विंडसरच्या टेकडीवर मी प्रथमच त्या खड्याच्या पलीकडच्या बाजूस, ग्राहकाच्या जागी, उभा होतो.

त्या रात्री चिरंजीवांबरोबर बसून मी या व्यवहाराचा ताळेबंद मांडला. उद्यानाचा मुख्य खर्च ठरलेला असतो. यंत्रे, नोकरवर्ग, देखभाल यांवर माणसे कमी आली तरी पैसा जातोच. आणखी एक मूल आत आले म्हणून खर्च फारसा वाढत नाही. हिवाळ्यात उद्यानाचा बराच काळ बंदीचा; अशा वेळी वार्षिक पासाने वर्षाची रक्कम आगाऊ हाती येते. शिवाय सात वर्षांचे मूल एकटे येऊ शकत नाही. ते जितक्या वेळा येईल तितक्या वेळा एखादे मोठे माणूस तिकीट काढून येणार, काही खाणार, काही विकत घेणार. म्हणजे मुलाचा पास हा सबंध कुटुंबाला आत आणणारा गुळाचा खडाच. यात फसवणूक मुळीच नाही. दोन्ही पक्षांचा लाभ होणारा हा सौदा आहे. मात्र आपला लाभ आपणच मोजावा लागतो. चिरंजीवांनी तो मोजला होता. वर्षातून किती वेळा जाणे होईल, सुट्ट्यांतील कोणते दिवस त्या श्रेणीत वर्ज्य आहेत, घरापासून अंतर किती, हे पाहूनच त्यांनी पास घेतला होता. नातवाला मी खोका घेऊन दिला नाही. तो थोडा रुसला, आणि गाडीत बसताच झोपी गेला.

आता जे लिहितो ते लिहिताना संकोच वाटतो, पण न लिहिले तर हे प्रवासवर्णन अपुरे राहील.

ऑगस्टमध्ये लेस्टरहून आमचे एक आप्त दोन दिवस राहायला आले. जुन्या चर्चच्या वास्तूत उभारलेल्या जैन मंदिरामुळे लेस्टर आपल्या समाजाला परिचित आहेच. त्यांच्यासोबत नातवाच्याच वयाचा मुलगा होता. सर्वांनी मिळून लेगोलँडला जायचे ठरले होते, आणि नेमका आदल्या दिवशी नातवाला ताप भरला. तो आणि सूनबाई घरी थांबणार हे उघड होते. पास व्यर्थ जाणार म्हणून माझ्यातील व्यापारी हळहळला. मी सहज बोलून गेलो, "दोघांचे वय एक, चेहरेपट्टीही बरीचशी एक. याचा पास त्याच्या गळ्यात घालू या. पैसे तर भरलेलेच आहेत."

कोणी काही बोलले नाही. पाहुण्यांनी खाली पाहिले. अंथरुणात पडलेला नातू मात्र म्हणाला, "पण आजोबा, दारावर त्यांनी नाव विचारलं तर त्याने काय सांगायचं?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. सवलत आम्हा मोठ्यांना हवी होती आणि खोटे बोलायचे होते ते सात वर्षांच्या मुलाने. त्या क्षणी मला सुमारे पन्नास वर्षांपूर्वीची एस.टी. आठवली. बारा वर्षे पूर्ण झाली की अर्धे तिकीट संपते. माझी ती पूर्ण झाली होती. घरातील एका वडीलधाऱ्यांनी मला बजावले होते, "विचारलं तर अकरा सांग." कंडक्टरने विचारले, मी सांगितले, त्याने विश्वास ठेवला. वाचलेले पैसे कोणी कशावर खर्च केले ते मला आठवत नाही. माझा तो आवाज मात्र अजून आठवतो. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत कमी-अधिक वजनमापाचा उल्लेख आहे, हे मी दुकानात बसून अनेकांना ऐकवले आहे. मुलाचे वय आणि नाव हेही एक मापच आहे, हे मला त्या रात्री उमगले.

मी म्हणालो, "बाळा, तू म्हणतोस ते बरोबर आहे. मी चुकलो." चिरंजीवांनी तेथेच संकेतस्थळावरून पाहुण्यांची तिकिटे काढली. आगाऊ काढल्यामुळे ती दारावरील दरापेक्षा स्वस्तच मिळाली. खऱ्या मार्गाने जाऊन किती पडते, याची चौकशीच मी केली नव्हती.

आपल्याकडेही आता अशा स्थळांना कुटुंबे मोठ्या संख्येने जातात. खोपोलीजवळचे इमॅजिका २०१३ पासून सुरू आहे. रेल्वेत पाच ते बारा वर्षांच्या मुलाला अर्धे तिकीट आहे, परंतु २०१६ पासून त्याच्यासाठी स्वतंत्र बर्थ घेतल्यास पूर्ण भाडे भरावे लागते. सवलती असतात आणि त्या घ्याव्यातही. त्यात कमीपणा नाही. केवळ काही गोष्टी आधी पाहाव्यात. पासधारक मूल स्वतः उपस्थित असावे लागते का, कोणते दिवस वगळलेले आहेत, पासाची सवलत दुसऱ्या सवलतीबरोबर चालते का, आणि बिल होण्यापूर्वी पास दाखवावा लागतो का. खरेदीची यादी मात्र घरूनच करून न्यावी. तेथे गेल्यावर ती मुले करतात.

एकोडीला परतून आता बरेच महिने झाले. दुकानात अजूनही पोरे सामान न्यायला येतात आणि मी अजूनही त्यांच्या हातावर गुळाचा खडा ठेवतो. वडिलांची ती रीत मोडवत नाही. मात्र आता प्रत्येक पोराबरोबर मालाच्या हिशेबाची चिठ्ठी देतो आणि उरलेले पैसे त्याच्याकडून एकदा मोजून घेतो. परवा एका लहान मुलीने पैसे मोजले आणि म्हणाली, "आबाजी, दोन रुपये जास्त आले." मी ते परत घेतले आणि तिला गुळाचा आणखी एक खडा दिला.