मूठभर तांदूळ, मूठभर ज्वारी

मनमाडहून हैदराबादकडे जाणाऱ्या गाडीत जालना सोडलं की परतूर, सेलू, मानवत रोड आणि मग आमची परभणी. या वाटेनं आमच्या मंडळीत किती पाहुणे आले! नगरचे पाळक आले, जालन्याच्या मिशन हॉस्पिटलातल्या नर्सबाई आल्या. आजीच्या काळी दारोदार वचन वाचून दाखवणाऱ्या बायबलबाया यायच्या. एका डिसेंबरात मात्र मिझोरमची सहा तरुण मुलं स्टेशनावर उतरली.

मावशीचा थोरला जाऊन तेव्हा महिनाही झाला नव्हता. प्रार्थनासभा तिच्याच ओसरीवर होती. मुलांच्या पुढाऱ्यानं हिंदीत संदेश लिहून आणला होता. त्यानं मावशीकडे पाहिलं आणि वही मिटली. मावशी ज्वारी पाखडत होती. पाखडत कसली, नुसतं सूप हलत होतं. त्या मुलांमधली एक मुलगी उठली, तिच्याजवळ मांडी घालून बसली आणि सुपातले खडे वेचू लागली. बऱ्याच वेळानं तिनं हलक्या आवाजात आपल्या भाषेतलं गाणं धरलं. आम्हाला एक शब्द कळला नाही. गाणं संपलं तशी मावशीनं पदरानं डोळे पुसले आणि रेव्हरंड टिळकांचं एक भजन म्हणायला घेतलं. इतक्या दिवसांत तिचा आवाज आम्ही पहिल्यांदा ऐकला. नंतर ती एवढंच म्हणाली, “बस माय, भाकर खाऊन जा.”

रडणाऱ्यांबरोबर रडा, असं पौलानं रोमकरांना लिहिलं. त्या वचनावर मी पुष्कळ प्रवचनं ऐकली. ते समजलं त्या सुपापाशी.

दुसऱ्याच्या अंगणात विश्वास न्यायचा तर आधी त्या अंगणाची रीत धरावी लागते. फादर स्टीफन्स इंग्लंडमधून निघाले आणि 1579 मध्ये गोव्यात पोचले. ख्रिस्ताची कथा त्यांनी सांगितली ती मराठी ओवीत; 1616 मध्ये त्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ छापून निघालं. जनाबाईचं गंगाखेड आमच्याच जिल्ह्यातलं, त्यामुळे ओवी आम्हाला शिकवावी लागत नाही. रेव्हरंड टिळक तर म्हणत, की तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो. त्यांची भजनं आमच्या उपासनेत टाळांवर म्हटली जातात.

आणि ही वाट एकेरी कधीच नव्हती. 1843 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले नारायण शेषाद्री जालन्याला आले, जवळच त्यांनी बेथेल हे गाव वसवलं, आणि 1873 मध्ये न्यूयॉर्कच्या मोठ्या ख्रिस्ती परिषदेत जाऊन बोलले. निजामाच्या राज्यातल्या मातीतून उठून एक मराठी माणूस अमेरिकेला साक्ष द्यायला गेला होता, हे आमच्या पोरांना सांगायला हवं. देणारे ते आणि घेणारे आपण, असं त्यांनी का समजावं?

मिझोरमचंही तसंच. तिथं मिशनरी पोचले 1894 मध्ये. आता तिथलीच मुलं देशभर जातात. त्यांच्या प्रवासाला पैसा कुठून येतो, हे त्या मुलीनं जेवताना सांगितलं. त्यांच्याकडे प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी बाई शिजवायच्या तांदळातून एक मूठ बाजूला काढते. घराघरातले ते तांदूळ गोळा होतात, विकले जातात, आणि ते पैसे मंडळीच्या सेवेला लागतात. शंभराहून जास्त वर्षं हे चाललंय. मावशीनं भाकर थापता थापता हात थांबवला आणि विचारलं, “रोज?” मुलगी म्हणाली, “रोज. दोन्ही टाइम.”

दुसऱ्या दिवशी ती मुलं गेली. पुन्हा आली नाहीत, त्यांची भाषाही कुणाला आली नाही. पण मावशीच्या चुलीशेजारी तेलाचा एक रिकामा डबा आला. दळण काढताना ती त्यात मूठभर ज्वारी टाकते. गेल्या नाताळात त्यातून चार पायल्या निघाल्या. मंडळीनं त्या शेजारच्या गल्लीत, नुकताच नवरा गेलेल्या एका बाईच्या घरी पोचवल्या. ती बाई आमच्या मंडळीतली नाही. पोतं घेऊन मावशी स्वतः गेली आणि संध्याकाळपर्यंत तिथंच बसली.