निरोप कुठे अडतो?

जोयड्यात मराठी बोलणाऱ्या घरांतून कन्नड शाळेत आलेली मुले 'नरमंडल' हा शब्द ऐकला की हमखास हसतात. आपल्याकडे नर म्हणजे पुरुष. कन्नडमध्ये नर म्हणजे मज्जातंतू. हसू ओसरले की मी फळ्याकडे वळतो.

मज्जातंतू म्हणजे विजेची तार, असे आपण सोयीसाठी म्हणतो. पण त्यात तारेसारखी वीज वाहत नाही. तंतूच्या आवरणातली सूक्ष्म दारे एकामागून एक उघडतात, सोडियमचे भारित कण आत शिरतात आणि निरोप पुढे सरकतो. जलद तंतूंत सेकंदाला सुमारे १०० मीटर. स्नायूपाशी मात्र वाट संपते. मध्ये मिलिमीटरच्या वीस हजाराव्या भागाएवढी फट असते. तिथे तंतूचे टोक ॲसिटिलकोलिन हे रसायन सोडते. काळी नदीच्या काठी रस्ता संपावा आणि निरोप होडीने पलीकडे जावा, तसेच हे.

एका पालकांनी मला विचारले होते, "मास्तर, सूज नाही, दुखत नाही, दातही उमटलेले नाहीत. मग विष कसले?" प्रश्न मण्यारीचा होता. ती बहुधा रात्री, जमिनीवर निजलेल्या माणसाला चावते. तिचे विष त्या होड्यांचा धक्काच उद्ध्वस्त करते. पोटात दुखते, पापण्या जड होतात, गिळता येत नाही, अखेर श्वासाचे स्नायू थांबतात. मेंदूने निरोप धाडलेला असतो, पण तो पोचत नाही. माणूस शुद्धीवर असूनही बोलू शकत नाही, आणि घरचे समजतात की आटोपले!

लाल विंचू याच्या उलट करतो. त्याचे विष ती दारे मिटूच देत नाही. निरोपांचा भडिमार होतो आणि हृदय थकते. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात त्यावर प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध वापरले आणि दंशाने होणारे मृत्यू खूप घटले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. निरोप कुठे बिघडतो हे कळले, म्हणूनच उपाय सापडला.

मण्यारीच्या दंशावर प्रतिविष लवकर द्यावे लागते. एकदा मोडलेली टोके त्याने जुळत नाहीत. ती नव्याने वाढायला दिवस लागतात. तोवर यंत्राने श्वास चालू ठेवला, तर माणूस उठून घरी येतो. आमच्या रानातल्या वाड्यांपासून असे रुग्णालय दूर आहे. म्हणून मंत्र-मुळीत घालवलेला एकेक तास महाग पडतो. खाटेवर निजावे, मच्छरदाणी गादीखाली नीट खोचावी; आणि नुसता संशय आला तरी, पापण्या मिटण्याची वाट न पाहता, गाडी काढावी.