डांबरावरची दांडी

पुढचे दोन्ही टायर दोन वर्षांत गुळगुळीत झाले, तेव्हा मी दोष रबराला दिला. मागच्या टायरांच्या उंच पट्ट्या अजून बोट अडकेल एवढ्या शाबूत होत्या आणि पुढचे मात्र म्हाताऱ्या बैलाच्या खुरासारखे घासलेले. घरात सगळ्यांचं म्हणणं एकच, आजकाल रबरच तसं येतं. मीही तेच धरून चालले.

आमचं घर सौसरला. संत्र्याचा बगीचा तिथून ९ किलोमीटरवर. जायला सगळा डांबरी रस्ता, शेवटची पाऊण किलोमीटर तेवढी काळ्या मातीची पांधण. नवरा गेल्यावर बगीचा माझ्याकडे आला आणि मोठा ट्रॅक्टर विकून मी २४ अश्वशक्तीचा मिनी ट्रॅक्टर घेतला. झाडांच्या ओळीत तो बरोबर मावतो, खालच्या फांद्या मोडत नाही. शिवाय चारही चाकांना जोर. पावसाळ्यात फवारणीची भरलेली टाकी मागे लावली की दोन चाकांचा ट्रॅक्टर आमच्या मातीत जागेवरच गरगर फिरतो. सीटजवळची छोटी दांडी पाडली की पुढची चाकंही ओढायला लागतात आणि टाकी निमूट मागे येते.

ती दांडी मी पाडली आणि विसरले. थोडी नव्हे, दोन वर्षं. चार चाकं दोनापेक्षा बरीच असणार, एवढाच माझा हिशेब. पांधणीत लागते, बगीच्यात लागते, मग मधल्या डांबरासाठी ती कोण वरखाली करत बसणार?

ट्रॅक्टर आपल्या परीने सांगत होता. वळणावर स्टिअरिंग जड लागायचं. घराच्या फाटकातून आत वळताना पुढून चिर्रचिर्र आवाज यायचा, नवी चप्पल फरशीवर घासावी तसा. कधीतरी दांडी सोडवायला गेले तर ती निघायचीच नाही. लाथ मारून पाहिली. एकदा रागाने ट्रॅक्टर थोडा मागे घेतला आणि ती आपसूक सुटली. याला कारण असेल, असं तेव्हा डोक्यात आलंच नाही. यंत्राची लहर, म्हणून सोडून दिलं.

मग मी दुसरी चूक केली. घासलेले टायर बदलताना दुकानदार म्हणाला, तो साइज आज नाही, हा घ्या, जरासा मोठा आहे, चालते. पुढे ७-१२ आणि मागे ८.३-२० असे आकडे पुस्तकात छापलेले होते. पण आंबिया बहाराची तोडणी तोंडावर, कॅरेट हलवायचे, नागपूरच्या कळमना बाजारात माल जायचा. चालते म्हटलं ना, मग चालू दे. नवे टायर मूळ साइजपेक्षा दोन सेंटिमीटर उंच होते. मला तर ट्रॅक्टर ऐटदार दिसायला लागला.

पाचव्या आठवड्यात सौसरच्या चौकात उजवीकडे वळताना खाड्‌कन आवाज झाला. इतका, की पानठेल्यावरची माणसं उठून उभी राहिली. ट्रॅक्टर मागच्या चाकांवर चालत राहिला, पण पुढून दळणाच्या चक्कीत खडा आल्यासारखी खडखड.

पांढुर्ण्याला एक मिस्त्री आहेत, पुढच्या धुऱ्याच्या कामात त्यांचा हात चांगला, असं कळलं. ५ ऑक्टोबर २०२३पासून पांढुर्णा आमचा जिल्हा झाला, तेव्हापासून कागदपत्रांना तिकडचे फेरे होतेच. आता ट्रॅक्टरचाही झाला, पिकअपवर चढवून. मिस्त्रींनी धुरा उघडला आणि ओंजळीत तेल काढून मला दाखवलं. तेलात बेव्हल गियरचे तीन दात.

‘‘काकू, डांबरावर फोर बाय फोर चालू ठेवता का?’’

‘‘ठेवते. का?’’

त्यांनी उत्तर दिलं नाही. धुरा दुरुस्त होईपर्यंत चार दिवस गेले. मग ट्रॅक्टर न्यायला गेले तर म्हणाले, थांबा, एक गंमत पाहून जा. पुढच्या आणि मागच्या टायरवर खडूची एकेक रेघ ओढली. दांडी सोडून ट्रॅक्टर हळू चालवला आणि मला मोजायला लावलं. मागचं चाक १० वेळा फिरलं, तेवढ्यात पुढचं पावणेचौदा वेळा. मग ट्रॅक्टर पुढून-मागून जॅकवर उचलला, चारही चाकं हवेत, दांडी पाडली. आता मागचं १० वेळा फिरेपर्यंत पुढचं पावणेपंधरा.

‘‘जमिनीनं पाहिजे पावणेचौदा, गियर देते पावणेपंधरा. एक फेरा कुठं जाईल?’’

मी गप्प. ते म्हणाले, ‘‘मातीत चाक घसरते म्हणून गियर वाचते. डांबरावर चाक घसरत नाही, मग कोणीतरी तुटतेच.’’

तेव्हा सगळं एका माळेत बसलं. अशा ट्रॅक्टरात पुढची चाकं थोडी जास्त फिरतील अशीच रचना असते, म्हणजे ती पुढून खेचत राहतात. मूळ साइजच्या टायरला हे जास्तीचं फिरणं चारेक टक्के पडलं असतं. माझ्या उंच टायरांनी ते सात टक्क्यांवर नेलं. माझ्या वहीत रोजचे तास आणि किलोमीटर असतात. त्यावरून हिशेब केला तर जाऊनयेऊन १८ किलोमीटर, म्हणजे रोज तेराशे मीटर पुढचे टायर नुसते घासत होते. घासायला जेव्हा जागा मिळत नव्हती तेव्हा तो ताण धुऱ्यात पीळ होऊन बसत होता. दांडी निघत नव्हती ती त्या पिळामुळे, आणि मागे घेतल्यावर सुटत होती तीही पीळ उलगडल्यामुळे. वळणावर तर पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळात जातात. पुढच्या आणि मागच्या धुऱ्यांमध्ये तो फरक सांभाळणारं काहीच नसतं.

मुलीचा मुलगा अलिबागजवळ नागावच्या किनाऱ्यावर क्वाड बाईक फिरवून आला होता. त्याला सांगितलं तर तो म्हणाला, आजी, त्या गाडीवरही पट्टी असते, पक्क्या रस्त्यावर चालवू नका. ते खरंच आहे. त्या गाड्यांचे टायर फुग्यासारखे, अगदी कमी हवेचे. बऱ्याच जणींच्या मागच्या दोन्ही चाकांना एकच सळई, दोघं सारखीच फिरणार. वाळूत कुठलं तरी चाक सरकून घेतं. डांबरावर वळवायला गेलं की टायर झिजतो, नाहीतर गाडी हट्टाने सरळ जाते, आणि वेगात असली तर उलटतेही. जात तीच, माझ्या ट्रॅक्टरची.

आणि डांबराचं काय? आमच्या शेजारच्या बगीचेवाल्यांचं ठाम मत, रस्ता ट्रॅक्टरच्या टायरांनी खराब होतो. मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो तेव्हा डांबर मऊ पडतं आणि टायरचे ठसे उमटतात, हे मीही पाहिलंय. गावरस्त्यावर वरचा थर असतोच साधारण २० मिलिमीटरचा. कल्टिव्हेटर नीट न उचलता कोणी ओढत नेला तर फाळांच्या रेघा वर्षभर दिसतात. माझ्या लहानपणी बंडीच्या चाकाची लोखंडी धाव रस्त्याला चाकोऱ्या पाडायची. मग रबरी चाकांची डनलॉप आली आणि ते थांबलं. पण टनभर वजनाच्या मिनी ट्रॅक्टरने रस्ता फुटतो, हे मला पटत नाही. अमेरिकेत १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर ट्रक चालवून पाहिले होते. धुऱ्यावरचं वजन दुप्पट झालं की रस्त्याचं नुकसान सुमारे सोळापट, असा त्यातून निघालेला ढोबळ नियम. काठोकाठ रेती भरलेला एक डंपर गेला की माझ्या कित्येक फेऱ्या त्यात बुडाल्या. रस्त्याला माझ्या ट्रॅक्टरने फारसं काही केलं नाही. रस्त्याने मात्र ट्रॅक्टरचे दात पाडले.

मिस्त्रींनी निघताना एक अपवाद सांगितला, तो मी पाळते. भरलेली ट्रॉली घेऊन उतारावर जायचं असेल तर दांडी पाडायची आणि सावकाश उतरायचं. ब्रेक मागच्याच चाकांना असतात. दांडी पाडली की पुढचीही धरतात. उतार संपला की सोडायची.

मूळ साइजचे टायर त्याच महिन्यात बसवले. दांडीला लाल चिंधी बांधली आहे. पांधण संपून डांबर लागतं तिथे बाभळीचं एक झाड आहे, तिथे हात आपोआप चिंधीकडे जातो. गडी चालवत असला तर त्याला बाभळीचंच नाव सांगते, फोर बाय फोर समजावत बसत नाही. परवा पट्टी लावून मोजलं. या टायरांना दोन वर्षं होऊन गेली. पुढच्या पट्ट्या अजून १९ मिलिमीटर उंच आहेत.